आईचा पेसमेकर, एमआरआय आणि एका नंबरापायी गेलेले बारा दिवस

आईच्या कमरेचा एमआरआय व्हायला अठरा दिवस लागले. त्यातले बारा गेले एका नंबरापायी.

आईला पेसमेकर आहे. २०१४ साली बसवला, २०२३ मध्ये बॅटरी संपत आली म्हणून बदलला. पहिल्या सेंटरवर काउंटरवरच्या मुलीने फॉर्ममधली पेसमेकरसमोरची खूण पाहिली आणि फॉर्म परत सरकवला. "काका, पेसमेकरवाल्यांचा होत नाही." दुसऱ्या सेंटरच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी निदान पेसमेकरचं कार्ड तरी मागितलं. त्यावर 'एमआर कंडिशनल' छापलेलं. म्हणजे अटी पाळल्या तर चालतं. मी खूश. मॅडम म्हणाल्या, "हे डबीचं झालं. लीड्स कुठल्या?"

इथं गाडी रुतली. पेसमेकर बदलला म्हणजे सगळंच नवं, अशी माझी समजूत. तसं नसतं. बॅटरी संपली की कातडीखालची डबी बदलतात, हृदयात गेलेल्या तारा, म्हणजेच लीड्स, शाबूत असतील तर त्याच ठेवतात. आणि एमआरआयची परवानगी डबी-तारांच्या जोडीला असते. कारण मशीनच्या रेडिओलहरींनी तारेचं टोक तापू शकतं. आमच्या कार्डावर लीडच्या रकान्यात कुणीतरी हाताने लिहिलेलं: 'जुन्या'.

मग लीडच्या मॉडेल नंबरासाठी २०१४ चं हॉस्पिटल. रेकॉर्ड रूम तळघरात, वेळ ११ ते १. पहिल्या दिवशी अर्ज. दुसऱ्या दिवशी "पेशंटची सही हवी", आणि पेशंट घरी कंबर धरून आडवी. तिसऱ्या खेपेला "इतक्या जुन्या फायली गोदामात असतात, फोन करू." फोन कसला येतोय! पाचव्या खेपेला मी आवाज चढवला. फाइल नाहीच मिळाली, आधारची झेरॉक्स मात्र पुन्हा द्यावी लागली.

नंबर शेवटी घरातच निघाला. तेव्हाच्या मेडिक्लेमला इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या डबी-तारांचे, स्टिकर जोडायचे होते. मूळ स्टिकर विमा कंपनीकडे गेले, पण मी प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवली होती. या सवयीवरून बायको मला आजवर बोलत आली. त्या रात्री माळ्यावरची पिशवी तिनेच खाली काढली. स्टिकर काळपट उमटलेले, पण भिंगातून लीडचा मॉडेल नंबर वाचता आला. पेसमेकर कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर चालेल. दहा मिनिटं!

पुढचं सरळ झालं. कार्डिऑलॉजिस्टची चिठ्ठी, आणि छातीचा एक्स-रे, कारण वापरात नसलेली एखादी तार आत राहिलेली नाही ना, ते बघतात. स्कॅनच्या दिवशी कंपनीचा माणूस प्रोग्रामर (पेसमेकरची सेटिंग बदलायचं यंत्र) घेऊन आला, पेसमेकर एमआरआय मोडवर टाकला, आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, पंचवीस मिनिटांत काम संपलं. त्या माणसाची वेळ आधी पक्की करा, मगच सेंटरची घ्या. आणि त्याने सेटिंग पूर्ववत केल्याशिवाय पेशंटला तिथून हलवू नका.

त्या काउंटरवरच्या मुलीचंही थोडं पटतं. मशीनचं चुंबक कायम चालू असतं. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट एक तरुण त्यात ओढला जाऊन दगावला होता. पण "विचारून सांगते" एवढं म्हणायला काय हरकत होती?

राहिलंच: पेसमेकर किंवा लीड नुकतीच बसवली असेल तर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. आणि मेडिक्लेमला कागद देण्याआधी स्टिकरचा फोटो काढून घ्या, झेरॉक्स काळी येते.