२५.४ ची नळी

त्या दिवशी माझ्या दुकानात टेबलावर सायकलीच्या एकदम तीन फ्रेम आल्या. आणणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले टर्नर मिस्त्री. त्यांची पोरगी पंधरा वर्षांची, रोडवर चांगली सायकल मारते, आता तिला ट्रॅकच्या, म्हणजे उताराच्या वळणांच्या बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतींच्या, निवड चाचणीला उतरायचं होतं. फ्रेम आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मिळून १६ हजारांच्या वर जायचं नाही, असं घरात ठरलेलं. तिन्ही विकणाऱ्यांनी इसार घेऊन माल दाखवायला दिला होता. मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "अ‍ॅल्युमिनियम घेऊ का स्टील, तेवढं सांगा. कारखान्यात दोन्ही कापतोय मी, पण सायकलीत टिकतंय कुठलं?"

सगळे हेच पहिलं विचारतात. माझ्याकडे त्याचा नंबर तिसरा लागतो. आधी बघायचं, ही फ्रेम ट्रॅकची आहे का. मग ती सरळ आहे का आणि जोड शाबूत आहेत का. धातू त्यानंतर.

पहिली फ्रेम तिथेच गळाली. अ‍ॅल्युमिनियमची, दिसायला देखणी, पण मुळात रोडची. विकणारा म्हणालेला, "फिक्स चाकी टाकली की झाली ट्रॅक." फिक्स म्हणजे मागची दातेरी चाकी चाकाला पक्की, चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतं. मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचा, उभे; त्यामुळे चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणायची सोयच नाही. गिअरच्या सायकलीसारखा चेन ताणून धरणारा टेन्शनर लावावा तर फिक्सला तो चालत नाही, कारण पायडल उलट दाबून वेग कमी करताना चेनची खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर ओढला जातो. मागच्या दोन ड्रॉपआउटांमधलं अंतर १३० मिलीमीटर, ट्रॅक हबला लागतं १२०. स्टीलची फ्रेम असती तर दाबून आणता आलं असतं. अ‍ॅल्युमिनियम दाबायचं नसतं. शिवाय रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस बसतो तो भाग, चाकांच्या आसाच्या रेषेपासून ७० मिलीमीटरच्या आसपास खाली असतो, ट्रॅकचा ५० ते ६०. म्हणजे दहा ते वीस मिलीमीटरचा फरक, त्यात पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, १६५ ऐवजी १७० ची आली की आणखी पाच. २५० मीटरच्या ट्रॅकच्या वळणाचा उतार ४२ ते ४५ अंशांचा असतो. तिथे वेग कमी पडला की बाहेरचं, म्हणजे चढाच्या बाजूचं, पायडल ट्रॅकला घासतं, आणि फिक्सला पाय थांबवता येत नाहीत.

दुसरी फ्रेम खरी ट्रॅकची. जुनी, अ‍ॅल्युमिनियम ७००५, फुगीर नळ्या, वजन १ किलो ६०० ग्रॅम, भाव १४ हजार. मिस्त्रींचा जीव तिच्यावरच बसला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. मागच्या टोकाला उघडणाऱ्या लांब खाचा, त्यांच्या तोंडावर स्टीलच्या पट्ट्या. त्या पट्ट्या नसतील तर नटाचे दाते अ‍ॅल्युमिनियम खातात आणि चाक दर वेळी जुन्याच खड्ड्यात जाऊन बसतं. खाचेची लांबी बघायची ती यासाठी: चाकीचा एक दात वाढवला की चाक सव्वातीन मिलीमीटरला थोडं कमी पुढे येतं, आणि चेनचा पूर्ण जोड, म्हणजे एक इंच, काढला की १२.७. आस सरकायला किमान पंधरा मिलीमीटर मोकळे नसतील तर गिअर बदलताना प्रत्येक वेळी वेगळी चेन लागते.

मग दोरा. एका ड्रॉपआउटला बांधायचा, पुढे हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत आणायचा आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्यापासून सीट ट्यूबपर्यंतचं, म्हणजे सीटखालच्या नळीपर्यंतचं, अंतर मोजायचं. एक मिलीमीटरचा फरक चालतो. इथे अर्धाही नव्हता.

फ्रेम उलटी करून उजव्या चेनस्टेवर, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, कापूस फिरवला, तर बॉटम ब्रॅकेटच्या मागे, वेल्डच्या कडेला तो अडकला. रंगावर केसासारखी रेघ. ती रंगाची की धातूची? डोळ्यांनी ठरत नाही. विकणाऱ्याला फोन लावून नखाएवढा रंग काढायची परवानगी घेतली. मिस्त्री म्हणाले, "थांबा जरा," आणि गाडीला किक मारून गेले. आले ते ओळखीच्या फाउंड्रीतून तीन डबे घेऊन: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. कास्टिंगमधल्या चिरा शोधायचं हे सामान उद्यमनगरात कुणाला नवं नाही. सायकलीच्या दुकानात मात्र ते सहसा कुणी वापरत नाही, आणि का वापरत नाही कोण जाणे.

रंग काढला, क्लीनरने पुसलं, सुकू दिलं. डाय लावून पंधरा मिनिटं थांबलो. मग क्लीनर कापडावर घेऊन वरचा डाय पुसला. थेट फवारला तर चिरेतलाही धुऊन जातो. वर डेव्हलपरचा पातळ थर. पाचव्या मिनिटाला पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. वेल्डच्या कडेला खाच राहिलेली असली तरी डाय धरून बसतो, म्हणून सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं. रेघ त्याच जागी, तेवढीच: १४ मिलीमीटर.

"वेल्ड मारू या की," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या ओळखीत टिगचा चांगला कारागीर आहे, हात पण बसलेला. अडचण हाताची नाही. चीर वेल्डच्या शेजारच्या, तापून आधीच मऊ पडलेल्या धातूत असते. तिथे पुन्हा उष्णता दिली की ताकद आणखी उतरते. ६०६१ जातीचा धातू असेल तर वेल्डनंतर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा कमी आचेवर काही तास ठेवावी लागते, आणि त्यात ती वाकते. ७००५ ला विझवणं लागत नाही, पण भट्टीत कमी आचेवर ठेवणं, म्हणजे एजिंग, लागतंच. शिवाय ही चीर थकव्याची. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते की हिच्याखालच्या ताणाने कधीच थकणार नाही. फिक्समध्ये चेनस्टेला जोर लावतानाही पीळ बसतो आणि वेग मोडतानाही. आज डावीकडे काही दिसलं नाही म्हणून उद्या दिसणार नाही, असं मी लिहून देणार नव्हतो. विनाब्रेकच्या सायकलीचा चेनस्टे सुटला तर पोरीला थांबायला काही उरत नाही.

मिस्त्रींनी मोबाइलवर एक कार्बनची फ्रेमही दाखवली, बिननावाची, बजेटमध्ये बसणारी. कार्बन वाईट नाही, पण आतला थर सुटला तर बाहेरून दिसत नाही आणि तिथे डायही कामाचा नाही. नाणं आपटून बद्द आवाज ऐकण्यावर पोरीला ट्रॅकवर सोडायचं नाही.

राहिली तिसरी. नवीन, स्टीलची, पाटीवर ‘क्रोमोली’, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं जास्त ताकदीचं स्टील, भाव साडेपंधरा. चुंबक चिकटला, पण तो साध्या हाय-टेन स्टीललाही चिकटतो. इथे मिस्त्रींचा व्हर्निअर कामाला आला. सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६. आतला मोजताना तोंडापाशी मोजायचं नाही, क्लॅम्पने ते दबून अंडाकृती झालेलं असतं. तीन सेंटीमीटर खाली जायचं आणि आत बाही बसवलेली नाही ना, तेही बघायचं. चांगल्या क्रोमोलीत २७.२ ची सीटपोस्ट जाते, साध्या जाडीच्या क्रोमोलीत २६.८. इथे आकडा आला २५.४. मिस्त्रींनी तोंडीच हिशेब केला: "भिंत १.६ ची. ही क्रोमोली न्हाई मालक, ही पाइप हाय." काट्यावर नुसती फ्रेम २ किलो ९४० ग्रॅम. शंका मिटली.

आणि तरीही मी तीच घ्या म्हणालो.

हाय-टेनची ताकद कमी, म्हणून नळी जाड करतात, म्हणून वजन वाढतं. ताठपणा मात्र स्टील कुठलंही असो सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. भिंत जाड असली की उलट थोडा जास्तच. स्प्रिंटला फ्रेम लवेल ही भीती इथे नाही. क्रोमोलीच्या तुलनेत ८०० ग्रॅम जास्त, म्हणजे पोरगी आणि सायकल मिळून ६० किलो धरले तर सव्वा टक्क्याच्या थोडं वर. उभ्या स्टार्टला ते जाणवतं. एकदा वेग धरला की सपाट फेरीत वजनापेक्षा हवा जास्त खाते. दोऱ्यात फरक एक मिलीमीटर, मागचं अंतर १२०, खाच १८, बॉटम ब्रॅकेट ६८ चा आणि आटे स्वच्छ. चिमट्याला ब्रेकचं भोक होतं, आणि ही गोष्ट मला धातूपेक्षा मोठी वाटली, कारण तिचा निम्मा सराव रस्त्यावर होणार आणि तिथे पुढचा ब्रेक नसलेली सायकल मी जोडून देत नाही. शिवाय या स्टीलला चीर पडली तर ती सहसा हळू सरकते, चरचर आवाज येतो, रंग फुटतो, गंज दिसतो. जोडही इथल्या कुठल्याही चांगल्या वेल्डरकडून करून घेता येतो.

फक्त भाव क्रोमोलीचा द्यायचा नाही. मिस्त्रींनी व्हर्निअर आणि काट्याचे फोटो पाठवले. अर्ध्या तासाने साडेपंधराचे नऊ झाले. उरलेले साडेसहा चाकांना आणि टायरला लावायचं ठरलं, कारण वेगाला ते जास्त लागू पडतात. चिरेची फ्रेम परत पाठवताना वेल्डवरचा पांढरा डेव्हलपर मी पुसला नाही, लाल रेघेसकट तसाच ठेवला, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ती न दाखवता सहज विकता येणार नाही.

राहता राहिली सीटपोस्ट. २७.२ ची मागवावी लागली असती. २५.४ लक्ष्मीपुरीत पहिल्याच दुकानात मिळाली.