बुधवारचा पाइप

पूर्वी तंबाखू ओढायच्या सात पाइपांचा संच मिळायचा. पेटीत आतून मखमल, ओळीनं सात खाचा, प्रत्येक खाचेत एक पाइप आणि त्याचा त्याचा वार ठरलेला. हिशोब साधा होता. ब्रायरचं लाकूड ओढताना ओल शोषून घेतं, ती सुकायला निदान 24 तास द्यावे लागतात, लागोपाठ दोन-तीनदा भरला असेल तर दोन दिवस. म्हणून सोमवारचा पाइप थेट पुढच्या सोमवारी. कागदावर झकास. प्रत्यक्षात बुधवारचा पाइप शुक्रवारी उचलला जातो, रविवारी तर जातोच जातो, आणि मंगळवारचा बिचारा बोहल्यावर चढायची वाट बघणाऱ्या नवरदेवासारखा चकचकीत पडून राहतो. सातही एकाच लाकडाचे, एकाच घाटाचे, एकाच हातचे. तरीही.

संग्रह सातांचा असो की सत्तरांचा, आवडता कोणता हे मालकाला विचारण्यात अर्थ नाही. तो भलताच दाखवतो. दाखवायचा पाइप आणि ओढायचा पाइप यांत पाहुण्यांच्या कपबशा आणि रोजचा कान तुटलेला कप इतकं अंतर असतं. खरं उत्तर स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर असतं, दातांच्या खुणांत.

दाखवला जातो तो बहुधा सरळ रेघांचा. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची, खोड आणि मुळं यांच्या सांध्यातली गाठ. ती खणून काढायची, ओली ठेवायची, ठोकळे पाडायचे, तासन्‌तास उकळून तिच्यातला कडू रस काढायचा आणि मग महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, सुकवत ठेवायची. इथं घाई झालेली असली तर नव्या पाइपची पहिली कित्येक भरणं कडवट लागतात आणि दोष तंबाखूवर जातो. गाठीत रेषा आतून बाहेर फाकतात. कारागिरानं ठोकळा नेमका त्या दिशेनं धरला तर तंबाखू भरायच्या वाटीवर सगळीकडं खालून वर उभ्या रेघा उमटतात. त्याच रेघांना टोकाकडून बघितलं की बारीक बारीक डोळे दिसतात. या रेघांचे पैसे फार पडतात. धुराला मात्र त्या कळत नाहीत.

खडबडीत पाइपांना उगाच दुय्यम समजतात. वाळूचा मारा केला की मऊ लाकूड उडतं, कठीण कडी उरतात. लंडनचा पाइपवाला आल्फ्रेड डनहिल यानं या तंत्राच्या पेटंटसाठी 1917 साली अर्ज केला. अशी वाटी हातात घसरत नाही आणि गुळगुळीत पाइपवर जो पहिला ओरखडा जिवाला चटका लावून जातो, तो हिच्यावर शोधूनही सापडत नाही. आवडत्याच्या शर्यतीत ही मोठीच बाजू. ज्याला जपावं लागतं तो रोजचा होत नाही.

खरी गोम भोकात आहे. वाटीच्या तळाला, अगदी मध्यभागी, वाटी आणि स्टेम जोडणाऱ्या दांडीतून येणारं भोक उघडलं पाहिजे. ते दोन-तीन मिलिमीटर वर उघडत असेल तर तळची तंबाखू कधीच धड जळत नाही, शेवटी ओला काळा लगदा उरतो आणि पाइप गुरगुरू लागतो. रुंदी साडेतीन ते चार मिलिमीटर असावी. त्याहून अरुंद असेल तर माणूस नकळत जोर लावून ओढतो, निखारा तापतो, धुरात वाफ वाढते आणि जीभ पोळते. जीभ पोळली की लोक तंबाखू बदलतात, डबे बदलतात, भरायची पद्धत बदलतात. चार मिलिमीटरचं ड्रिल हातानं हळूहळू फिरवून भोक मोकळं करावं, हे सुचतच नाही. (मशीनला लावून नव्हे. मशीननं दांडी फोडलेले पाइप दुरुस्त होत नाहीत.)

दुसरी गुपचूप बिघडणारी जागा म्हणजे सांधा. स्टेमच्या टोकाला असतं ते, सुताराच्या भाषेत, कुसू. ते दांडीतल्या भोकात बसतं. कुसवाचं टोक आणि भोकाचा तळ यांत मिलिमीटरभर फट चालते. चार-पाच मिलिमीटरची पोकळी राहिली तर धूर तिथं गार होतो, त्यातली वाफ थिजते आणि पाणी साचतं. बाकी सगळं उत्तम असूनही काही पाइप जन्मभर गुरगुरत राहतात ते याच फटीपायी. उपाय सोपा आहे: ओढता ओढता मध्येच पाइप क्लीनर, म्हणजे धाग्यांची लव असलेली लवचिक तार, घालून ओल टिपायची. वाकड्या पाइपमध्ये स्टेम न काढता क्लीनर वाटीपर्यंत पोचतो का, हे घेतानाच बघावं. नाही पोचला तर तो पाइप कितीही देखणा असला तरी खणात जाणार, हे लिहून ठेवा. कारण गरम पाइपचा स्टेम उपसायचा नसतो. लाकूड फुगलेलं असतं. कुसू तरी मोडतं, नाही तर गार झाल्यावर ढिलं बसतं. अपवाद म्हणजे धातूच्या कड्यात नुसता खोचलेला निमुळता स्टेम. पीटरसन या पाइप बनवणाऱ्यानं 1890 साली पेटंट घेतलेल्या पाइपमध्ये तो तसा असतो, शिवाय ओल साचायला दांडीत मुद्दाम एक विहीरच खणलेली असते. गुरगुरण्यावर इतका विचार केलेला दुसरा पाइप शोधून सापडायचा नाही.

वजनाचं बोलायचं तर 35 ग्रॅमचा पाइप दातांत विसरला जातो, 60 ग्रॅमचा विसरू देत नाही. वाकड्याचं वजन हनुवटीजवळ येतं, म्हणून दोन्ही हात कामात असले की तो बरा. वाचताना सरळ बरा, एक हात तसाही रिकामा असतो. आणि स्टेमच्या टोकाचा, दातांत धरायचा ओठ चार मिलिमीटरच्या आसपास पातळ हवा. हा एक मिलिमीटर जाड-पातळ झाला तर काय बिघडतं, असं वाटतं. अर्ध्या तासानं जबडा सांगतो.

स्टेम व्हल्कनाइटचा की अॅक्रिलिकचा, हा वाद मात्र मिटणारा नाही. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दाताखाली मऊ, पण उजेडात ठेवलं की हिरवट-तपकिरी होतं आणि जिभेला गंधकाची चव लागते. मग 400 नंबरच्या पाणकागदापासून 2000 पर्यंत घासत बसा. स्टँड खिडकीत ठेवणाऱ्यांना हे काम कायमचं. अॅक्रिलिक वर्षानुवर्षं चकचकीत राहतं आणि दाताला काचेसारखं लागतं. व्हल्कनाइटचा एक गुण मात्र वादातीत आहे: त्याला स्मरणशक्ती असते. दातांचे खळगे पडले तर तो भाग जपून तापवायचा, रबर फुगून मूळ आकाराकडे परत येतं. ओठ सपाट, खुणा गायब. करता येतं, पण आवडत्या पाइपच्या बाबतीत कुणी करत नाही. ते खळगे आपल्याच दातांच्या मापाचे असतात, बुधवारच्या पाइपला जीभ न चाचपडता जागा सापडते ती त्यांच्यामुळेच.

मीरशॉमची गोष्ट वेगळी. सेपिओलाइट नावाचं हे पांढरं, सच्छिद्र खनिज; त्यातलं उत्तम तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ सापडतं. इतकं हलकं की सुकं असताना पाण्यावर तरंगतं. त्याला विश्रांती फारशी लागत नाही, तंबाखूचा वास धरून बसत नाही, आणि मेणावलेला पृष्ठभाग वापरानं मधासारखा पिवळा आणि पुढं तपकिरी होत जातो. पण तो एकदा हातून निसटला की संपलं. शिवाय आत काजळी साचू द्यायची नाही, प्रत्येक वेळी पुसून घ्यायची. पाहुण्यासारखी सरबराई. पाहुणा आवडतो, त्याच्यासमोर पाय पसरून बसता येत नाही इतकंच.

ब्रायरमध्ये उलट काजळी हवी. आतून एक-दीड मिलिमीटरचा थर, केक म्हणतात तो, लाकडाला निखाऱ्यापासून वाचवतो. जाड केक म्हणजे मुरलेला पाइप, असं समजून तो वाढवत नेणारे लोक भेटतात. थर आणि लाकूड सारखे फुगत नाहीत. केक जाड झाला की वाटीला तडा जातो. रीमर या खास हत्यारानं खरवडावं, थोडं थोडं, चाकूनं नाही.

वासाचंही एक राजकारण असतं. लटाकिया ही धुरावर वाळवलेली, डांबर आणि लाकडाच्या धगीसारख्या वासाची तंबाखू ज्या पाइपमध्ये महिनाभर राहिली, तो पाइप पुढं व्हर्जिनिया भरली तरी लटाकियाच बोलतो. सुगंधी मिश्रणांचंही तेच. आजूबाजूच्यांना व्हॅनिलाचा वास येतो, ओढणाऱ्याच्या जिभेवर नुसती गरम वाफ असते आणि लाकडात तो गोडवा ठाण मांडून बसतो. घालवायचा तर वाटीत कापूस कोंबायचा, त्यावर कडक अल्कोहोल थेंब थेंब सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी कापूस कॉफीच्या रंगाचा झालेला असतो. मिठानंही होतं, पण मीठ दांडीत शिरलं तर तडा जाण्याची भीती. म्हणून शिस्तीचे लोक एका पाइपला एकच तंबाखू ठरवून देतात. आवडता पाइप ओळखण्याची ही आणखी एक खूण: त्याच्यासाठी ही शिस्त पहिल्यांदा मोडली जाते.

सगळी मापं जुळलेला पाइप आवडता होतोच असंही नाही, ही खरी अडचण आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून मक्याच्या कणसाचे पाइप होतात. सर्वांत स्वस्त, ब्रायरसारखे दिवसचे दिवस मुरवावे न लागणारे, ओल पिऊन टाकणारे. महागड्या ब्रायरांच्या रांगेच्या टोकाला एक कणीस उभं असतं, कडेला जळून काळं झालेलं, आणि दुपारी हात तिकडंच जातो. कारण बहुधा हेच की ते चुका पोटात घालतं. तंबाखू जरा ओली राहिली, तीन चिमट्यांतली पहिली लेकराच्या हातानं भरायची ती गडबडीत पैलवानाच्या हातानं भरली गेली, पहिल्या काडीनंतर नीट दाबायचं राहून गेलं, तरी ते ओढलं जातं. गुणी पाइप अशा वेळी विझतात आणि आपल्याकडं बघत राहतात.

धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, असं म्हणायची एक रीत आहे. ओठ, जीभ, तोंड यांच्या कर्करोगाला तेवढी सवलत माहीत नाही.

वॉशिंग्टन डी. सी.तल्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आइन्स्टाइनचा एक पाइप आहे. साधा ब्रायर, रेघाबिघा काही नाहीत. स्टेमला दातांनी चावून चावून आरपार भोक पडलंय. आरपार भोक पडलेल्या स्टेममधून धूर ओढला जात नाही, हवाच येते. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला लावल्यावरही तो पाइप दातांत धरायचा सोडला नव्हता.