उंबराचे वाटेकरी

आठवीत असताना शास्त्राच्या सरांनी आम्हाला एक प्रश्न घातला होता. आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या एकाच पाण्यावर इतक्या जातींचे पक्षी पोट भरतात, मग त्यांतली एखादी जात बाकीच्यांना हुसकावून का लावत नाही? पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, जंगलात हिंडले, शिकवू लागले, पण माझं आजवरचं सगळं काम या एका प्रश्नाभोवतीच फिरत आलं आहे. त्यामुळे शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलनं, खो-खोचे सामने, मधल्या सुट्टीतल्या चिंचा यांवर माझ्या मैत्रिणी माझ्याहून छान लिहितील. सरांचं नाव मात्र लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना आवडत नसे, आणि त्यांच्या वर्गात बसलेल्यांना ते सांगायची गरजही नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की ज्यांना यायचं असेल त्यांनी वही घेऊन संध्यामठाच्या बाजूला जमायचं, एवढाच नियम होता. वहीत रकाने आखलेले असत: पक्षी कोणता, काठापासून किती आत, उभा आहे, पोहतोय की बुडी मारतोय, चोच कशी, काय सापडलं. "आठवून लिहू नका, बघून लिहा," असं सर पुन्हा पुन्हा बजावत. हिवाळाभर ते रकाने भरत गेले आणि सपाट दिसणाऱ्या पाण्यात आम्हाला कप्पे दिसायला लागले. चिखलाच्या कडेने शेपटी हलवत तुतवार किडे टिपायचा. त्याच्या पुढच्या पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर पोट कोरडं ठेवून चालायचा. वंचक पाणवनस्पतींवर दगडासारखा उभा राहून मासा किंवा बेडूक टप्प्यात यायची वाट बघायचा. टिबुकली आणि पाणकावळा दोघंही बुडी मारणारे, पण टिबुकलीच्या चोचीत पाणकिडे आणि बारीक मासे असत, पाणकावळ्याचा मासा चांगला मोठा असे. छोटा खंड्या फांदीवरून सूर मारायचा. काळा-पांढरा कवड्या खंड्या मात्र, जिथे बसायला फांदीच नाही अशा उघड्या पाण्यावर, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचा. थापट्या बदक चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांतून पाणी गाळून अन्न मिळवायचं, आणि वारकरी बहुतेक वेळ पाणवनस्पती खाण्यात गुंतलेला असायचा. आम्ही घरी निघायच्या सुमारास रात ढोकरी बाहेर पडायची. दिवसभर वंचक जिथे उभे होते, त्याच जागा रात्री तिच्या व्हायच्या.

वही भरल्यावर सरांनी दुसरा प्रश्न टाकला, "आता यातलं पाणी निम्मं करा. काय होईल?" त्या वेळी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही.

हा प्रश्न किती जुना आणि किती खोल आहे, ते मला शिवाजी विद्यापीठात शिकताना उमगलं. रशियन शास्त्रज्ञ गॉस याने १९३० च्या दशकात प्रसिद्ध केलेले प्रयोग पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जातींवर होते. दोन जाती एकाच नळीत एकाच खाद्यावर वाढवल्या, तर एक टिकली आणि दुसरी संपली. पण जोडी बदलली आणि एक जात वरच्या पाण्यातले जिवाणू, तर दुसरी तळाशी बसलेलं यीस्ट खाऊ लागली, तेव्हा दोन्ही टिकल्या. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मॅकार्थर याने सूचिपर्णी जंगलातल्या किडे खाणाऱ्या पाच जातींच्या वटवट्यांचा अभ्यास केला. पाचही पक्षी एकाच झाडावर दिसत. त्याने झाडाचे उंचीप्रमाणे आणि खोडापासूनच्या अंतराप्रमाणे भाग पाडले, आणि कोणता पक्षी कुठल्या भागात किती सेकंद घालवतो ते मोजलं. कुणी शेंड्याच्या बाहेरच्या कोवळ्या पानांत, कुणी मधल्या फांद्यांत, कुणी खालच्या अंगाला, अशी वाटणी निघाली. त्याचा निबंध १९५८ मधला. त्याच साली इकडे दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी अभयारण्य झालं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या एकत्रच राहतात. आम्ही रंकाळ्यावर वहीत जे करत होतो, ते मॅकार्थरच्या कामाचंच लहान रूप होतं, आणि हे सरांना नक्की ठाऊक असणार.

नववीत सहल दाजीपूरला गेली. गवा दिसला तो लांबून आणि थोडाच वेळ. मात्र सरांनी आणि वनरक्षक काकांनी आम्हाला वाटेवरच्या शेणापाशी बसवलं. काडीने गव्याचं शेण फोडलं तर आत गवताचे जाड धागे. सांबराच्या लेंड्या घट्ट, त्यांत पानांचे तुकडे. भेकराच्या लेंड्या त्याहून बारीक आणि गुळगुळीत, डोळ्यांना काहीच ओळखू न येणाऱ्या. पुढे झाडाखाली एका ठिकाणी आवळ्याच्या स्वच्छ बिया पसरलेल्या होत्या. हरणं आवळा सबंध गिळतात आणि सावलीत बसून रवंथ करताना कडक बी तोंडातून टाकून देतात, हे काकांनी सांगितलं. काही मुली नाक धरून उभ्या होत्या. मला मात्र तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

या वाटणीचं मूळ शरीराच्या आकारात आहे. मोठा गवा आठशे किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतो, पिसोरी, म्हणजे इवलंसं मूषक-हरीण, जेमतेम तीन किलोची. एकूण अन्न अर्थातच गव्याला प्रचंड लागतं, पण वजनाच्या दर किलोमागे हिशेब केला तर पिसोरीची गरज साधारण चौपट निघते. शिवाय तिचं पोट लहान, अन्न त्यात फार वेळ मुरत नाही. म्हणून तिला थोडंच पण सकस लागतं: गळलेली फळं, कोवळे कोंभ, फुलं. गव्याच्या पोटात चारा बराच काळ कुजत राहतो आणि जिवाणू त्यातलं सत्त्व काढून देतात, त्यामुळे जाडंभरडं, वाळकं गवत, बांबू, कारवी यांवरही तो निभावून नेतो. सांबर आणि भेकर या दोघांच्या मधले, सांबर गव्याच्या बाजूला आणि भेकर पिसोरीच्या. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर रिचर्ड बेल याने हीच गोष्ट कळपांच्या हालचालीत पाहिली. आधी झेब्रे वरचं काडीदार गवत खातात, मग वाइल्डबीस्ट येऊन खाली उघडी पडलेली पाती खातात, आणि मागून येणाऱ्या छोट्या गॅझेल हरणांना जमिनीलगतचे कोवळे कोंभ मिळतात. इथे मोठ्याचं खाणं लहानाच्या आड येत नाही, उलट त्याची वाट मोकळी करतं.

पण मला हे सगळं खऱ्या अर्थाने दाखवलं ते राधानगरीच्या जंगलातल्या ओढ्याकाठच्या एका उंबराने. उन्हाळ्यात बाकी झाडं रिकामी असताना हा खोडापासून फांद्यांपर्यंत लगडलेला असतो. उजाडताना हरियलांचे थवे येतात. त्यांची गिझर्ड, म्हणजे अन्न भरडणारी पोटातली पिशवी, इतकी जोरकस की फळातलं बारीक बीसुद्धा भरडलं जातं, म्हणजे उंबराच्या दृष्टीने हा पाहुणा तोट्याचा. मलबार राखी धनेश फळ अख्खं उडवून गिळतो आणि बी लांबवर नेऊन टाकतो. तांबट आणि बुलबुल यांच्या चोची लहान, ते पिकलेल्या फळाला टोचे मारून गर खातात. उंबराचं फळ मऊ असल्यामुळे त्यांनाही वाटा मिळतो. फळ कडक आणि बी मोठं असतं, तर तिथे फक्त रुंद जबड्याचे पक्षीच आले असते. शेकरू बारीक फांद्यांपर्यंत पोचतो. वानरांच्या पोटात गाईगुरांसारखे कप्पे असल्याने त्यांना कच्ची फळं आणि पानंही चालतात. माकडं पिकलेलं निवडून गालाच्या पिशवीत भरतात. वानर खातो त्याहून सांडतो जास्त, आणि ते सांडलेलं वेचायला भेकर खाली उभं असतं.

ऊन उतरल्यावर दुसरी पाळी लागते. आपल्याकडे एकाच पाटाच्या पाण्यावर दिवसा एकाचं रान भिजतं आणि रात्री कंदील घेऊन दुसरा पाणी पाजायला जातो, तसंच इथे आहे. सांजवेळी रानडुकरं येऊन पाचोळा उकरतात. काळोख झाला की पिसोरी दबकत बाहेर पडते, फांद्यांवर उदमांजर चढतं, आणि वटवाघळं फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. सकाळी त्या दुसऱ्या झाडाखाली चोथ्याच्या गोळ्या पडलेल्या असतात. एका झाडावरचे इतके वाटेकरी दिवसभर आणि रात्रभर बघत राहणं, यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

मांसाहारी प्राण्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याविषयी आपल्याकडे भरपूर बोललं जातं. उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे (रानकुत्रे) यांच्या शिकारीचा अभ्यास करून १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. वाघाने मारलेल्या जनावरांचं सरासरी वजन नव्वद किलोच्या आसपास, बिबट्या आणि कोळसुंदे यांचं चाळीसच्या आसपास. म्हणजे वाघ वेगळा पडला, पण बाकी दोघांच्या शिकारीचं वजन जवळजवळ सारखंच. त्यांची वाटणी वेगळ्या रीतीने होते. कोळसुंदे टोळीने, बहुधा दिवसा, धावून दमवून मारतात. बिबट्या एकटा, बहुधा अंधारात, दबा धरून मारतो आणि शिकार झाडावर नेऊन ठेवू शकतो.

माझं स्वतःचं काम मात्र शेणातच राहिलं. वाळवलेला नमुना उकळून, गाळून काचपट्टीवर घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या सालीचे तुकडे दिसतात. गवताच्या पर्णरंध्रांच्या पेशी डंबेलच्या आकाराच्या, रुंद पानांच्या झाडांच्या राजम्यासारख्या, त्यामुळे पहिली ओळख लगेच पटते. मग जंगलातल्या प्रत्येक वनस्पतीची काचपट्टी आधी तयार करून ठेवायची आणि जुळवत बसायचं. आता डीएनएच्या पद्धतीने हे फार बारकाईने करता येतं. केनियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात तर दिसायला सारखेच, दोघेही गवत खाणारे झेब्र्यांचे दोन प्रकारसुद्धा वेगवेगळ्या जातींची गवतं निवडताना आढळले. डोळ्यांनी बघणाऱ्याला 'गवत' एवढंच कळतं, खाणाऱ्याला मात्र त्यातली प्रत्येक जात वेगळी कळते.

या कामातून ठळकपणे पुढे आलं ते ऋतूंचं अंतर. पावसाळ्यात कोवळं गवत उगवलं की गवा आणि सांबर यांच्या काचपट्ट्या बऱ्याच सारख्या दिसतात. सुबत्तेत सगळेच चांगलं तेच खातात, आणि ते सगळ्यांना पुरतंही. उन्हाळा लागला की गवा साल, कारवी आणि झाडपाल्याकडे वळतो, आणि ज्याचं त्याचं खाणं वेगळं होत जातं. सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पाणी निम्मं झालं तर वाटणी आणखी काटेकोर होईल, पण ती तोवरच, जोवर वाटायला वेगवेगळ्या गोष्टी शिल्लक आहेत. गॅलापागोसच्या डॅफ्नी बेटावर २००४ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा फिंच या बिया खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकी मोठ्या चोचीच्या जातीने मोठ्या बिया संपवल्या. मग मध्यम फिंच या दुसऱ्या जातीतले दांडग्या चोचीचे पक्षी उपाशी मेले आणि त्या जातीची सरासरी चोचच लहान झाली. आज दिसणाऱ्या शांत वाटणीमागे असे कित्येक दुष्काळ गेलेले असतात.

आपल्या जंगलात ही विविधताच आता कमी होते आहे. दाजीपूरसह राधानगरीचं अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आलेलं. पण गवताळ सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, आणि मोकळ्या जागांत रानमोडी आणि घाणेरी ही झुडपं पसरली, की तिथून गवत जातं. जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटसाठी खोदकामही झालं. त्यात गावची गुरं जंगलाच्या कडेला चरतात. गाय आणि गवा हे एकाच वंशातले, त्यामुळे चाऱ्याच्या बाबतीत गव्याचा सगळ्यात जवळचा वाटेकरी सांबर नसून गाय आहे. एवढं झाल्यावर डोंगराच्या पायथ्याशी बारमाही पाण्यावरचा हिरवागार ऊस उभा असतो, आणि गेल्या काही वर्षांत गवे तिथूनही पुढे, पार पंचगंगेच्या काठापर्यंत येऊ लागले आहेत.

राधानगरीकडच्या एका गावात ऊस तुडवला गेला होता, तिथे एका आबांनी मला सरळ विचारलं, "ताई, तुमच्या गव्याला रानात काय कमी पडलंय वो?" प्रश्न रास्त होता आणि त्यांचं नुकसान डोळ्यांसमोर होतं. मी त्यांना म्हटलं, गवा हलक्या चाऱ्यावर जगू शकतो, पण म्हणून त्याला तोच आवडतो असं नाही. गोड, रसाळ ऊस एका रात्रीत जेवढं देतो, तेवढं मिळवायला उन्हाळ्याच्या रानात त्याला फार हिंडावं लागतं. गवत वाढलं तर सगळेच गवे परततील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गवत वाढवून बघूया की एकदा."

या पावसाआधी गावकरी आणि वनरक्षक मिळून जंगलाच्या आतल्या एका कुरणातली रानमोडी उपटत आहेत, मुळासकट, फुलं धरायच्या आत. पुढच्या उन्हाळ्यात तिथलं शेण आणि उसाच्या फडालगतचं शेण अशी दोन्ही मी तपासणार आहे. फडाकडचे नमुने तारीख घालून कागदी पिशव्यांत वाळवून ठेवायचं काम आबांच्या नातीने अंगावर घेतलं आहे. ती यंदा आठवीत गेली.