पुडी वळता वळता

“त्याचं लहानपण कसं गेलं, कोणी विचारलं का?”

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर शेंगदाणेवाल्या मावशी बोलल्या. शेजारचे काका मोबाइलवरची फाशीच्या निकालाची बातमी मोठ्याने वाचत होते. मावशींचे हात क्षणभर थांबले. मग कागदाचं टोक दुमडलं, दाणे भरले, पुडी माझ्या हातात दिली.

काका भडकलेच. “आणि जी गेली तिचं लहानपण?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण मावशींचा प्रश्न भाबडा नाही हो. बचन सिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि नुसता गुन्हा नाही, माणूसही बघायचा. त्याचं वय, मनाची अवस्था, सुधारण्याची शक्यता. २०२२ च्या मनोज खटल्यात न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा करा. मानसिक तपासणी, तुरुंगातलं वागणं, प्रोबेशन अधिकाऱ्याचा (गुन्हेगाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा) अहवाल, सगळं. मधे ४२ वर्षं गेली! या वर्षांत किती जणांबद्दल कोणी काहीच विचारलं नसेल, या विचाराने मला अजून झोप नाही.

हे सगळं शोधायचं म्हणजे गावी जायचं, आईला भेटायचं, शाळेचे दाखले काढायचे. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी एवढी पायपीट कोण करतं?

इथे कोणी फौजदारी वकील असतील तर खरंच सांगा.