नाशिकच्या रस्त्यांसाठी ऑडी टीटीचं सस्पेन्शन निवडताना : माझा अनुभव

माझी गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची म्हणजे ८जे, २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनाची. पुण्याहून सेकंडहँड घेतली तेव्हाच मूळ शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) थकलेले होते. सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढून ताशी १२० धरले की लांबट उंचवट्यावर नाक वर जायचं, खाली यायचं आणि पुन्हा एकदा वर जायचं. कसारा घाटात ऐन वळणात डांबराचा जोड आला की मागची बाजू किंचित उडून सरकायची. रॅम्पवर घेतली तर मागच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ. बदलायचे हे ठरलं. काय बसवायचं हे ठरायला मात्र बरेच महिने गेले.

याबाबतीत कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं : गाडी खाली घे, म्हणजे तिची उंची कमी कर. टायर आणि फेंडरमधली फट कमी झाली की टीटी देखणी दिसते, यात वाद नाही. पण ही गाडी मी शोभेला ठेवत नाही. रोज गंगापूर रोडने सातपूर एमआयडीसीत कामाला जातो, पावसाळ्यात पेठ रोडने सावळघाटात फिरतो, आणि आईला वणीला जायचं असलं तरी हीच गाडी काढतो. सिंहस्थाच्या तयारीत शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. एवढ्या रुंदीत चढ-उतार इतका सावकाश होतो की कुठलीही गाडी आरामात निघते. आपल्या कॉलन्यांच्या तोंडाशी असतात ते मात्र हातभर रुंदीत तेवढ्याच किंवा त्याहून जास्त उंचीचे. खाली घेतलेली गाडी तिथे तिरकी काढावी लागते, आणि मागच्याचा हॉर्न सुरू होतो.

खरेदीच्या आधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे बघायला हवं होतं. टीटीमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे फोर-लिंक रचना आहे. पुढे स्प्रिंग शॉकअपवरच बसते (या जोडीलाच स्ट्रट म्हणतात), मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. काही टीटींमध्ये मॅग्नेटिक राइड असते. त्या शॉकअपमधल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि विजेच्या प्रवाहाने ते तेल घट्ट किंवा पातळ वागतं. अशा गाडीत साधे शॉकअप टाकले तर डॅशबोर्डवर फॉल्ट येतो आणि तो मिटवायची सोय वेगळी करावी लागते. माझ्या गाडीत ती भानगड नाही. डिकीत स्टेपनीच्या खोबणीजवळ कोडचा स्टिकर असतो, त्यावरून हे कळतं. दुसरी बाब स्ट्रटच्या व्यासाची. याच प्लॅटफॉर्मवरच्या गाड्यांमध्ये पुढचा स्ट्रट जिथे नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या जोडात, बसतो तिथलं माप कुठे ५० तर कुठे ५५ मिलिमीटर असतं. विक्रेता "सगळ्यांना बसतं" म्हणाला तरी व्हर्निअर लावूनच बघावं. माझं ५५ निघालं. ऑर्डरच्या वेळी एका विक्रेत्याने ५० चाच सेट पुढे केला होता, म्हणजे हे मोजणं कामी आलं.

पर्याय तसे चारच प्रकारचे. मूळ शॉकअप ठेवून फक्त लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या, हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग, कारण कडक स्प्रिंगला आवरायची ताकद थकलेल्या शॉकअपमध्ये नसते. दुसरा, मूळ उंचीवरच चांगले शॉकअप. तिसरा, आखूड शॉकअप आणि लोअरिंग स्प्रिंगचा जुळवलेला संच. चौथा, कॉइलओव्हर, ज्यात उंची फिरवून बदलता येते आणि महागड्या प्रकारांत डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे आवरण्याचा जोरही. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीच्या भाषेत सांगायचं तर बी६ मूळ लांबीचा, बी८ आखूड, बी१२ म्हणजे बी८ सोबत आयबाखच्या स्प्रिंगा, आणि बी१४, बी१६ हे कॉइलओव्हर. केडब्ल्यू कंपनीचेही व्हेरिएंट १, २, ३ असेच चढत्या श्रेणीने आहेत : पहिल्यात फक्त उंची, दुसऱ्यात रिबाउंडही (शॉकअप उघडतानाचं डॅम्पिंग), तिसऱ्यात रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचं) दोन्ही.

कॉइलओव्हरचा मोह मला मोठा होता. बी१६ चं चित्र कित्येक दिवस फोनवर उघडं होतं. तो मोह सुटायला दोन गोष्टी कारण झाल्या.

पहिली गोष्ट अंबडच्या मिस्त्रीकाकांनी सांगितली. तरुणपणी ते रॅलीच्या गाड्यांच्या सर्व्हिस टीममध्ये होते, आणि रॅलीचं वेड नाशिकला जुनंच आहे. मी खाली घेण्याचा विषय काढताच ते म्हणाले, "बाळा, खडीवरची रॅलीची गाडी कधी खाली घेतलेली बघितलीस का? रस्ता खराब असला की चाकाला वर-खाली जायला जागा लागते. जागा काढून घेतलीस तर कितीही भारी शॉकअप टाक, गाडी दगडासारखीच आपटणार."

त्यामागचं गणित मी नंतर समजून घेतलं. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली घेतली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात गाडीला कलवणारी तरफ लांब होते. तो जास्तीचा कल रोखायला आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि कडक स्प्रिंग खड्ड्यात चाकाला जमीन सोडायला लावते. जर्मनीतल्या सपाट रस्त्यावर हा सौदा परवडतो. सावळघाटात वळणाच्या आतल्या कडेला खडी पसरलेली असते, तिथे चाक जमिनीला चिकटून राहणं हेच खरं हँडलिंग.

दुसरी गोष्ट मी स्वतः मोजली. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवून दांड्याला एक प्लास्टिकचा झिप टाय घट्ट बांधला आणि तो खाली नळीच्या तोंडाला टेकवला. गाडी दबली की नळी टायला वर ढकलते. गाडी परत उचलली तरी टाय तिथेच राहतो, आणि चाक किती दबलं ते दांड्यावर उमटून राहतं. चारही चाकांना टाय बांधून नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्याच वेगात फिरून आलो. पेठ रोडवरून परतल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो, तर पुढचे दोन्ही टाय बंप स्टॉपमध्ये, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाशी शेवटचा धक्का झेलणाऱ्या फोमच्या तुकड्यात, घुसून बसले होते. डावीकडच्या बंप स्टॉपच्या पिवळट फोमचा खालचा घेर चेपून त्याची कड चिरली होती, बोट लावलं की भुगा पडत होता. म्हणजे मूळ उंचीवरच चाकाचा प्रवास पुरा वापरला जात होता. त्यातले आणखी २५-३० मिलिमीटर काढून घेतले असते तर गाडी स्प्रिंगवर कमी आणि बंप स्टॉपवर जास्त चालली असती. लोअरिंगचा विषय त्या दिवशी माझ्यापुरता मिटला.

एक काम मात्र शॉकअपच्या आधीच केलं. गाडीवर २४५/४० आर१८ टायर होते. याच मॉडेलला कंपनीचं १७ इंचाचं मापही आहे, २४५/४५ आर१७. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच, ६५२-६५३ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. पण रबराची भिंत ९८ वरून ११० मिलिमीटर होते. ते १२ मिलिमीटर रबर म्हणजे सगळ्यात आधी काम करणारं सस्पेन्शनच. रिमला पोक यायची धास्तीही कमी झाली. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे सस्पेन्शनचा विचार टायरपासून सुरू करावा.

कायद्याची बाजूही बघितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जर्मन सुट्या भागांबरोबर तिकडच्या तपासणीचा कागद येतो, तो इथे आरटीओत उपयोगाचा नाही. मूळ उंची, मूळ स्प्रिंग आणि मूळ मापाचे टायर ठेवण्याचं हेही एक कारण. विमा कंपनीलाही मेलवर कळवून ठेवलं.

शेवटी बिल्स्टाइन बी६ घेतले. हा मोनोट्यूब शॉकअप, म्हणजे तेल आणि दाबाखालचा वायू एकाच नळीत, मध्ये तरंगता पिस्टन. साध्या ट्विन-ट्यूबमध्ये खराब रस्त्यावर सतत हेलकावे बसले की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पकड ढिली पडते. इथे तेल आणि वायू वेगळे राहतात, शिवाय बाहेरची नळीच थेट हवेत असल्याने उष्णता लवकर जाते. बिल्स्टाइनने हा प्रकार १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी आणला होता. बी६ मध्ये डॅम्पिंग फिरवायची सोय नाही. मला ती नकोच होती. नॉब असला की माणूस दर आठवड्याला फिरवत बसतो आणि गाडी कधीच एका जागी बसत नाही.

शॉकअपसोबत पुढचे टॉप माउंट, त्यांचे बेअरिंग, चारही बंप स्टॉप, धूळ रोखणारी बुटं, लिंक रॉड आणि सगळे नवे बोल्ट मागवले. या गाडीतले सस्पेन्शनचे बरेच बोल्ट ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवून ताणून बसवायचे असतात. एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. कस्टम ड्युटी धरून बोल्टांचीच किंमत डोळ्यांत येण्याइतकी झाली, पण त्यात कपात करू नये. एका ठिकाणी "जुने चालतात साहेब" असं ऐकलं आणि तिथे काम द्यायचं नाही हे ठरवलं.

काम काकांकडेच केलं. पुढचा स्ट्रट नकलमधून काढायचा तर नकलची चीर आधी फाकवावी लागते. त्यासाठी एक चपटं हत्यार असतं, ते चिरेत घालून नव्वद अंश फिरवायचं, की स्ट्रट सुटतो. हातोड्याने ठोकून काढायला गेलं तर ॲल्युमिनियमची नकल खराब होते. काकांकडे ते हत्यार नव्हतं, म्हणून मी आमच्या वर्कशॉपमध्ये टूल स्टीलचा तुकडा मिलिंगवर काढून, हार्ड करून नेला. दोन्ही बाजू एका दमात सुटल्या. काकांनी तो तुकडा पुसून आपल्या पेटीत ठेवून घेतला, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

फिटिंगमध्ये एक गोष्ट हटकून सांभाळावी लागते. आर्म आणि शॉकअपच्या बुशांचे (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी हवेत लोंबकळत असताना पक्के करायचे नाहीत. तेव्हा पक्के केले की गाडी खाली उतरल्यावर बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आम्ही आधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवलं होतं. जॅकने हब तेवढा वर आणून मगच टॉर्क रेंच लावला. त्यानंतर अलाइनमेंट. या गाडीत मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) दोन्ही जुळवता येतात, पुढे मात्र टो सोडला तर फारसं काही हलवता येत नाही, सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारा सांगाडा) थोडी डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात एवढंच. स्टीअरिंग अँगल सेन्सर आणि झेनॉन दिव्यांची पातळी कॉम्प्युटर लावून शून्यावर आणली.

फरक पहिल्याच उंचवट्यावर कळला. समृद्धीवर नाक एकदा वर जातं, खाली येतं आणि तिथेच थांबतं. कसाऱ्यात त्याच जोडावर मागची बाजू आता ओळ सोडत नाही, त्यामुळे वळणाच्या मध्ये स्टीअरिंग सुधारायची गरज पडत नाही. मोनोट्यूबमधल्या वायूच्या दाबाने गाडी काही मिलिमीटर वरच उचलली गेली. लोक म्हणतील इतका खर्च करून उंच केलीस. मला ते चालतं.

एक तोटा मात्र जाणवतो आणि तो विकत घेण्याआधी माहीत असावा. हळू वेगात, पेव्हर ब्लॉक किंवा बारीक ठिगळांवरून जाताना गाडी पूर्वीपेक्षा कडक लागते. वेग वाढला की तेच कडकपण आधार वाटू लागतं. आईला मागच्या वेळी वणीला नेलं तेव्हा नांदुरीपर्यंत ती म्हणाली, "जरा हादरे बसतात रे." गडाच्या घाटात वळणं सुरू झाल्यावर मात्र तिने दरवाज्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

नवे झिप टाय बांधून तोच पेठ रोडचा फेरा पुन्हा मारला. या वेळी पुढचे टाय बंप स्टॉपला जेमतेम शिवून थांबले आहेत. आता मागच्या अँटी-रोल बारचे, म्हणजे वळणात गाडीचा कल कमी करणाऱ्या दांड्याचे, बुश बदलायचे आहेत. ते मूळचे रबरीच घेणार, पॉलियुरेथेनचे नाही, कारण त्यांचा कुरकुर आवाज पावसाळ्यानंतर फार वाढतो.