फोर्ड कपातला एकच आकडा पुरेसा नाही

चामड्यावरचे लेप तयार करताना इमल्शन (पाण्यात रेझिनचे बारीक कण विखुरलेला द्रव) फोर्ड कपात, म्हणजे तळाला छिद्र असलेल्या मापन-कपात, ओतायचे, तो किती सेकंदांत रिकामा होतो ते पाहायचे आणि तेवढ्यावरून माल फवारणीस योग्य ठरवायचा, ही पद्धत महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी नेहमी पाहतो. साध्या ॲक्रिलिक इमल्शनला ती चालून जाते. परंतु बळकटीसाठी त्यात बेंटोनाइट ही पाण्यात फुगणारी चिकणमाती मिसळली असेल तर हा एकटा आकडा दिशाभूल करतो, असे माझे ठाम मत आहे.

बेंटोनाइटमधील मॉन्टमोरिलोनाइट या मुख्य खनिजाचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे, पण त्याच्या शेकडो पट रुंद असतात. पापुद्र्यांच्या पृष्ठांवर ऋण भार असतो, कडांवरचा भार मात्र सामूनुसार (पीएचनुसार) बदलतो, सामू उतरला की कडा पृष्ठांकडे ओढल्या जातात आणि द्रवात पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी राहते. द्रवात कण मिसळल्यावर त्याची श्यानता (दाटपणा) किती वाढते हे सांगणारा, पातळ निलंबनातील गोल कणांसाठी आइनस्टाइनने मांडलेला २.५ हा गुणांक अशा चपट्या कणांना लागू पडत नाही, त्यामुळे थोड्याशा मातीनेही श्यानता खूप वाढते.

फवारणीच्या तोंडाशी द्रवाचे थर एकमेकांवरून अतिशय वेगाने सरकतात, ती रचना मोडते आणि लेप पातळ होतो. चामड्यावर पडल्यावर वेग जवळजवळ शून्यावर येतो आणि रचना हळूहळू पुन्हा जुळते. ती फार लवकर जुळली तर फवाऱ्याचे ठिपके सपाट होण्याआधीच थिजतात, फार उशिरा जुळली तर टांगलेल्या चामड्यावर ओघळ येतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की लेपातले पाणी उडायला पुष्कळ वेळ लागतो, म्हणून ओघळांची शक्यता तेव्हा अधिक असते. कपातून वाहताना द्रव या दोन्ही टोकांच्या मधल्या कुठल्यातरी स्थितीत असतो, त्यामुळे टोकांबद्दल तो काहीच सांगत नाही.

यासाठी फिरत्या दांड्याच्या श्यानतामापकावर वेग टप्प्याटप्प्याने वाढवून आणि नंतर तसाच उतरवून वाचने घ्यावीत आणि त्यांचा आलेख काढावा. चढती आणि उतरती रेषा यांच्यामधले अंतर रचना किती सावकाश सावरते ते दाखवते. पाणीही तपासावे. खाडीकाठच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातले क्षार मातीचे फुगणे रोखतात, त्यामुळे माती आधी क्षाररहित पाण्यात पूर्ण फुगवून मगच इमल्शनमध्ये सावकाश ढवळत घालावी.