स्टारफिश आधी पालथा करा!

स्टारफिशचा फोटो दाखवून "हा कुठला?" असं कोणी विचारलं की फोटो हमखास वरच्या बाजूचाच असतो, मस्त केशरी नाहीतर जांभळा, आणि नेमका तो रंगच सगळ्यात बेभरवशाचा. पॅसिफिक किनाऱ्यावरचा पिसास्टर ऑक्रेशियस बघा, एकाच खडकावर एक जांभळा, शेजारी केशरी, पलीकडे तपकिरी, आणि जात तिघांची एकच. बरं हात मोजावेत तर बहुतेकांना पाचच, त्यात एखादा तुटून परत फुटत असेल तर चार लांब आणि एक बोटभर, असला अवतार. अर्थात पिक्नोपोडिया नावाच्या स्टारफिशसारखा वीसेक हातांचा गडी समोर आला तर मोजणं कामाला येतं.

खरी मजा खालच्या बाजूला आहे. मधोमध तोंड, तिथून प्रत्येक हातात गेलेली एक खाच आणि त्या खाचेत वळवळणारे नळीसारखे बारीक पाय. ही उघडी खाचच नसेल आणि मधली चकती हातांपासून वेगळी उठून दिसत असेल तर तो बहुधा ब्रिटल स्टार, म्हणजे स्टारफिशचा चुलतभाऊ, स्टारफिश नव्हेच, विषय संपला. खाच असेल तर पायांच्या रांगा बघायच्या, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 साली नोंदवलेल्या अ‍ॅस्टेरियास रुबेन्सला चार रांगा आणि पायांना चोषक, म्हणजे चिकटायच्या चकत्या, अ‍ॅस्ट्रोपेक्टेनला दोनच रांगा आणि पाय चक्क टोकदार, कारण तो वाळूत घुसून राहतो, खडकाला चिकटायचंय कोणाला! त्याच्या हातांच्या कडेला जाड प्लेट्सची किनार असते, खालच्या प्लेट्सना काटे. लुइडिया हा दुसरा स्टारफिशही वाळूतलाच, पण त्याला वरची ठळक किनार नसते, दोघांची गल्लत झाली की मी तरी आधी कडच बघते.

भिंग असेल तर अ‍ॅस्टेरियासच्या काट्यांभोवती इवलेसे चिमटे दिसतात, अंगावर काही बसायला आलं की पकडणारे. त्यांच्या आकारावरून अख्खा गण, म्हणजे अनेक जातींचा मोठा गट, ठरवतात, माझ्या मते सगळ्यात भारी खूण हीच, फक्त मोबाईलच्या फोटोत ती कधीच येत नाही.

आणि क्युलसिटा नावाचा स्टारफिश? मोठा झाला की हात जवळजवळ गायब, नुसती फुगलेली उशी, तारा म्हणायची सोय नाही. पालथा केला की मात्र पाचही खाचा जागच्या जागी असतात.